फ्यूज बॉक्सखालच्या वायरी ओळखताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीच्या उजव्या हेडलाइटचा लो बीम गेला. बल्ब चांगला, फ्यूजही शाबूत. मग बॉनेटखालचा फ्यूज बॉक्स सोडवून उलटा केला, खालचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढला, सर्किट डायग्राम बघून पिन मोजली आणि दोन तास भलत्याच वायरीच्या मागे लागलो.

झालं काय, तर डायग्राममध्ये कपलर तोंडाच्या बाजूने दाखवला होता आणि मी मोजत होतो पाठीकडून, जिथे वायरी आत शिरतात. पाठीकडून सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं. सात पिनांच्या ओळीत 4 नंबर तेवढा जागेवर राहतो, 1 च्या जागी 7 येतो. कपलरचं लॉक (अडकवायची खिट्टी) वर धरलं की झालं, असं वाटतं. पण लॉक दोन्ही बाजूंनी वरच दिसतं, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. बऱ्याच कपलरवर कडेच्या पिनांपाशी बारीक उठावाचे आकडे असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका मारा, फोटो काढा, मोठा करून वाचा.

दुसरा घोळ रंगांचा. ‘काळी म्हणजे अर्थ’ (मायनसची वायर) हे जपानी वळणाच्या गाड्यांत बहुधा चालून जातं. जर्मन गाड्यांत मात्र अर्थ तपकिरी असतो आणि काळ्या वायरीत चावी फिरवल्यावर करंट येऊ शकतो. तिथे रंगापेक्षा डीआयएन 72552 या जर्मन मानकाचे आकडे कामाचे: 30 म्हणजे थेट बॅटरीचा प्लस, 15 म्हणजे चावीनंतरचा, 31 म्हणजे अर्थ. जपानी डायग्राममध्ये ‘बी’ काळा आणि ‘एल’ निळा, हेही माहीत असू द्या. शिवाय कपलरच्या पलीकडे तीच वायर वेगळ्या रंगाची निघू शकते. म्हणून आधी पिन नंबर, मग रंग.

आता मल्टिमीटरचा भुलावा. योग्य वायर सापडल्यावर हेडलाइटच्या सॉकेटवर मीटर 12.4 व्होल्ट दाखवत होता. तिथेच ब्रेक लाइटचा जुना 21 वॅटचा बल्ब लावला, तर तो नुसता लालसर झाला. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे एका धाग्यावर टिकलेला जोडही त्याला ठणठणीत वाटतो. दोष फ्यूज बॉक्सच्या कपलरमध्येच निघाला: पिनेवर हिरवा गंज.

हा बल्ब एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला किंवा सेन्सरच्या वायरींना मात्र कधीही लावू नका.

मीटरच्या ‘बीप’वर तपासणार असाल, तर बॅटरीचा मायनस आणि त्या लाइनवरचे बल्ब आधी काढा. 55 वॅटच्या थंड बल्बचा रेझिस्टन्स अर्ध्या ओमच्याही खाली असतो. मीटर बीप करतो आणि शॉर्ट सापडला म्हणून माणूस हार्नेस (वायरींचा जुडगा) उसवायला बसतो.

मीटरची जाड सुई टर्मिनलच्या (कपलरमधल्या धातूच्या टोकाच्या) तोंडात खुपसणं हा तर आपल्याकडचा आवडता उद्योग. टर्मिनल फाकतं, पकड सुटते, महिन्याभराने तिथेच प्लास्टिक वितळतं. पाठीमागून, वायरीच्या कडेने बारीक पिन सरकवा. वायरीचं आवरण टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरतं.

माझ्या कपलरमधलं ते एक टर्मिनल बदललं, फ्यूज होता त्याच अँपिअरचा ठेवला. कपलर परत बसवताना ‘टक्’ आवाज आला नाही. काढून पाहिलं, तर लॉकमध्ये चिखलाचा खडा.