कुंडीत आपोआप उगवलेलं झाड: ओळखायचं कसं, बी धरायचं कसं

गेल्या जूनमध्ये आमच्या तुळशीच्या कुंडीत एक पाहुणं रोप उगवलं. अ‍ॅपला फोटो दाखवला तर आधी मिरची म्हणालं, आठवड्याने पालक. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, फुलल्यावर कळेलच." त्यांचंच खरं ठरलं. कोवळ्या रोपाच्या फोटोवरून अ‍ॅपही चुकतं आणि जाणकारही. फूल आणि फळ येईपर्यंत थांबायची तयारी हवी.

याला एकच अपवाद, गाजर गवत. पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, सुरुवातीला जमिनीलगत पसरलेली आणि नंतर वर पांढरी बारीक फुलं. 1950च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि मग ते देशभर पसरलं. अनेकांच्या अंगाला त्याने खाज सुटते. हे दिसलं तर वाट पाहू नका. हातमोजे घालून फुलण्याआधीच उपटा.

थांबलात, तर बघत काय बसायचं?

पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? खोड बोटांत फिरवून पाहा, गोल लागतं की चौकोनी. तुळस, सब्जा, पुदिना या मंडळींचं खोड चौकोनी असतं. पान चुरगळून वास घ्या. देठ मोडल्यावर चीक येतो का पाहा, पण तो हात डोळ्यांना लावू नका. रुईचा चीक डोळ्यांना फार वाईट. आणि चव अजिबात घेऊ नका. काटेरी गोल बोंडाचा धोतराही असाच न लावता उगवतो, आणि तो मुळापासून बीपर्यंत विषारी आहे.

फोटो काढायचे तर पानाच्या दोन्ही बाजू, पेर, फूल समोरून आणि बाजूने, असे वेगवेगळे काढा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. फूल किती वाजता उमलतं तेही लिहून ठेवा. ही गोष्ट फोटोत येत नाही.

माझ्या रोपाची पानं समोरासमोर होती, पेरं गाठीसारखी फुगलेली. कळ्या दिवसभर मिटलेल्या, संध्याकाळी पाचच्या सुमारास उमलायच्या आणि मंद वास सुटायचा. एवढं ऐकल्यावर शेजारच्या आजींनी झाड न बघताच सांगितलं, "अगं, गुलबक्षी!" मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली, पण आपल्या परसात इतकी रुळलेली की तिला परकी म्हणवत नाही.

बी कसं सुटतं ते पाहा

माझ्या मते झाडाची खरी ओळख इथे पटते, आणि बी कसं गोळा करायचं तेही इथेच कळतं. तेरड्याचं पिकलेलं बोंड हात लावताच फुटून बी उडतं, म्हणून बोंड फुगून पिवळट झालं की त्यावर कागदी पिशवी बांधायची. गोकर्णाची शेंग वेलावरच तपकिरी आणि खडखडीत होऊ द्यायची. कोंबड्याचा तुरा पिशवीत उलटा धरून झटकला की बारीक काळं बी पडतं.

गुलबक्षीच्या एका फुलाला एकच बी. हिरव्या वाटीत बसलेलं, आधी हिरवं, मग मिऱ्यासारखं काळं आणि सुरकुतलेलं. काळं झाल्यावर ते नुसत्या धक्क्याने हातात येतं. ओढावं लागलं तर ते कच्चं आहे. सगळं बी एकदम पिकत नाही, म्हणून रोज सकाळी एक फेरी मारायची. घरात लहान मुलं असतील तर डबी उंचावर ठेवा. हे बी आणि या झाडाची मुळं पोटात गेली तर बाधतात.

रंगाची खात्री मात्र धरू नका. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी याच झाडावर प्रयोग केले होते. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांच्या संकरातून गुलाबी फुलं आली, आणि त्या गुलाबीच्या बियांतून पुन्हा लाल, गुलाबी, पांढरी अशी तिन्ही. 1909 साली त्यांनी आणखी गमतीची गोष्ट दाखवली. पानांवर पांढरे पट्टे असलेल्या गुलबक्षीत रोपाच्या पानांचा रंग बी कुठल्या फांदीचं आहे यावर ठरतो, पराग कुठूनही येवो. म्हणून तुमच्याकडे पट्टेरी पानांची गुलबक्षी असेल आणि तशीच हवी असेल, तर बी पट्टेरी फांदीचंच घ्या. पांढऱ्या फांदीच्या बीतून पांढरी रोपं येतात आणि हरितद्रव्य नसल्यामुळे जगत नाहीत.

वाळवणं आणि ठेवणं

सावलीत, वर्तमानपत्रावर, आठवडाभर. कडक उन्हात नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नकोच, ओल राहिली असेल तर बुरशी येते. कागदी पाकिटात घालून वर नाव, फुलाचा रंग आणि महिना लिहा. नाव अजून कळलं नसेल तर "तुळशीच्या कुंडीतलं, संध्याकाळी फुलणारं" असं लिहिलं तरी चालतं. पाकीट झाकणाच्या बरणीत ठेवा. आमच्या आजोळी वालाचं बी राखेत ठेवायचे, कीड लागू नये म्हणून. फ्लॅटमध्ये राख मिळत नसेल तर बरणीत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका.

पेरण्याआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सात-आठ रुजल्या तर बी चांगलं. गुलबक्षी आणि गोकर्ण दोन्हींचं कवच टणक, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून मगच पेरायचं.

आमची गुलबक्षी उन्हाळ्यात वाळून गेली. पण तिचा कंद मातीत होता, तो मी उपटला नाही. पहिल्या पावसात तुळशीशेजारी पुन्हा कोंब आला, आणि पाकिटातलं बी अख्ख्या सोसायटीत वाटून झालं.