डायलिसिसच्या रुग्णाचे पोटॅशियम वाढले असता या चुका टाळा

डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम ६.५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या पुढे गेले की वॉर्डात धावपळ सुरू होते, आणि त्या धावपळीत दरवर्षी नव्याने येणारे निवासी डॉक्टर त्याच त्या चुका करतात. त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आकडा उतरला म्हणजे पोटॅशियम गेले, असे समजणे. शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि रक्ताच्या तपासणीत दिसतो तो बाहेर राहिलेल्या थोड्याशा अंशाचा आकडा. इन्सुलिन आणि साल्ब्युटामॉल (नेब्युलायझरने दिले जाणारे दम्याचे औषध) हे पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतात, शरीराबाहेर काढत नाहीत. चार ते सहा तासांत ते पुन्हा रक्तात उतरू लागते. कॅल्शियम ग्लुकोनेट तर पोटॅशियमला हातही लावत नाही. ते केवळ हृदयाला संरक्षण देते, तेही जेमतेम अर्धा ते एक तास.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. निवासी डॉक्टर असताना, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी रात्री, पायांतले त्राण गेल्याची तक्रार घेऊन एक गृहस्थ आले. त्यांचे डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी होत असे, म्हणजे आठवड्यातील मोठ्या खंडाचा तो शेवट होता. पोटॅशियम ७.४ होते, ईसीजीत हृदयावर परिणाम झाल्याच्या खुणा होत्या: टी लहरी तंबूसारख्या टोकदार झाल्या होत्या आणि पी लहरी जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. मी १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलिलिटर दिले, त्यानंतर १० युनिट इन्सुलिन आणि साखर उतरू नये म्हणून २५ टक्के डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरेच्या द्रावणाची, १०० मिलिलिटरची बाटली दिली, नेब्युलायझरही लावला. दोन तासांनी आकडा ६.१ आला. डायलिसिसचे तंत्रज्ञ घरी गेले होते, म्हणून ‘सकाळी पहिल्या पाळीत डायलिसिस’ असे केसपेपरवर लिहून मी समाधानाने झोपलो. पहाटे तीन वाजता सिस्टरांनी उठवले तेव्हा रुग्ण घामाने ओलाचिंब होता, हाकेला ओ देत नव्हता आणि रक्तातील साखर ३४ पर्यंत घसरली होती. मूत्रपिंडे निकामी असली की इन्सुलिनचा निचराही मंदावतो आणि दिलेली साखर संपल्यावरही इन्सुलिन काम करीतच राहते, हे मला ठाऊक होते, परंतु त्या रात्री आठवले नाही. साखर सावरेपर्यंत पाच वाजले, तेव्हा नाडी ३८ होती आणि पोटॅशियम पुन्हा ७.२. ते वाचले ते त्यानंतर मिळालेल्या डायलिसिसमुळे. माझ्या उपचारांमुळे ते फक्त तोवर टिकले होते.

तेव्हापासून कॅल्शियमची सिरिंज भरली जात असतानाच मी तंत्रज्ञांना फोन करतो आणि इन्सुलिन दिल्यानंतर सहा तास, दर तासाची साखर तपासण्याच्या वेळा केसपेपरवर आधीच लिहून ठेवतो. सुरुवातीची साखर फारशी वाढलेली नसेल तर १० टक्के डेक्स्ट्रोजचे सलाईन चालूच ठेवतो. काहींना हे अतिसावधपणाचे वाटते. त्यांनी खुशाल तसे मानावे.

त्या गृहस्थांच्या पत्नी मला सांगत होत्या, “उपवासच होता हो, काही खाल्लंच नाही त्यांनी.” नेमके पदार्थ विचारले तेव्हा रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, खजूर आणि घसा सुकला म्हणून दोन शहाळी अशी यादी निघाली. एका शहाळ्याच्या पाण्यात साधारण ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि अशा रुग्णाची दिवसभराची मर्यादा पुष्कळदा २,००० मिलिग्रॅमच्या आसपास ठरवलेली असते. साबुदाण्यात पोटॅशियम नगण्य असते. ते येते त्यात पडणाऱ्या बटाट्यातून आणि दाण्याच्या कुटातून. म्हणून “पथ्य पाळले का?” हा प्रश्न निरुपयोगी आहे, एकेका पदार्थाचे नाव घेऊनच विचारावे लागते. निर्जळी उपवास हाही सुरक्षित पर्याय नव्हे, कारण दीर्घ उपाशीपोटी शरीरातले इन्सुलिन घटते आणि पेशींतले पोटॅशियम बाहेर येते. बटाटा खायचाच असेल तर साल काढून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यावे. आमटीत घालू नये, हेही सांगावे लागते. कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ घरात असल्यास ते आधी बाहेर काढावे, कारण त्यातील सोडियमची जागा बहुधा पोटॅशियम क्लोराइडने घेतलेली असते. कमरख, म्हणजे करमळ (स्टार फ्रूट), मात्र कितीही उकडले तरी देऊ नये. त्यात मेंदूवर परिणाम करणारे विष असते आणि मूत्रपिंडे निकामी असलेल्या रुग्णांना त्याने झटके येऊन मृत्यूही ओढवले आहेत.

बाकीच्या चुका थोडक्यात. नमुन्यातील रक्तपेशी फुटल्याने आकडा खोटा वाढू शकतो, पण ईसीजी बिघडलेला असताना दुसऱ्या अहवालाची वाट पाहत बसू नये; आणि ईसीजी चांगला आहे म्हणून ७ च्या आकड्याकडे दुर्लक्षही करू नये. साल्ब्युटामॉलची २.५ मिलिग्रॅमची एक रेस्प्युल (नेब्युलायझरमध्ये घालायची औषधाची छोटी कुपी) दम्याला पुरते, येथे १० ते २० मिलिग्रॅम लागतात; हृदयविकार असल्यास मात्र जपून. पोटॅशियम बांधणारी पुडी देऊन निश्चिंत होणाऱ्यांनी तिला तासन्‌तास लागतात हे लक्षात घ्यावे. बद्धकोष्ठ विचारल्याशिवाय राहू नये, कारण या रुग्णांत पोटॅशियमचा बराचसा वाटा शौचावाटे जातो. वेदनाशामक गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन आणि को-ट्रायमॉक्साझोल या पोटॅशियम वाढवू शकणाऱ्या औषधांची चौकशी प्रत्येक वेळी करावी.

आणि डायलिसिस सुरू झाल्यावरचा उतावळेपणा. आकडा लवकर उतरावा म्हणून डायलिसेटमधील (यंत्रातून फिरणाऱ्या डायलिसिसच्या द्रावणातील) पोटॅशियम १ किंवा ० वर आणण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण रक्तातील पातळी झपाट्याने कोसळली तर हृदयाची लय बिघडू शकते. मी शक्यतो २ वापरतो, पूर्ण चार तास चालवतो आणि तोवर मॉनिटर काढू देत नाही. यंत्र बंद होताच घेतलेला नमुना छान ४.० दाखवतो, परंतु पुढील काही तासांत पेशींतले पोटॅशियम रक्तात उतरत राहते, त्यामुळे घरी सोडण्याचा निर्णय मी सहा तासांनंतरच्या नमुन्यावर घेतो.