शाळेच्या प्रकल्पासाठी गाण्याचा व्हिडिओ: आधी आवर्तनं मोजा, मग मोबाइल काढा

शाळेत ‘दोन मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ करून आणा’ असं सांगितलं की सगळ्यात आधी मोबाइल बाहेर निघतो. चौघी रांगेत उभ्या राहतात, कुणीतरी गाणं लावतं, दोन तास शूटिंग चालतं आणि घरी येऊन जोडायला बसलं की कशालाच काही जुळत नाही. म्हणून क्रम उलटा धरा. आधी गाणं, मग त्याच्या मात्रा, म्हणजे तालाचे ठोके, मग कागद, मग जागा आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी. सांगली-मिरजेकडच्या मुलांना हे जमायलाच हवं. आपल्याकडे घरटी कुणीतरी भजनाला बसतं, त्यामुळे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते हे अनेकांना न शिकवताच कळतं. व्हिडिओसाठी नेमकं तेच कळावं लागतं.

विषय लहान धरा

‘आपली सांगली’ हा विषय घेऊ नका. गणपती मंदिर, आयर्विन पूल, हळदीचा बाजार, हरिपूरचा संगम, सगळं एकामागून एक येतं आणि बघणाऱ्याला नुसती चित्रं सरकताना दिसतात. विषय एका वाक्यात सांगता आला पाहिजे आणि त्या वाक्यात काहीतरी घडलं पाहिजे. ‘ओल्या हळदीचा कंद वाळून, दळून डब्यात येतो’ हा विषय झाला. ‘संगमाच्या वाटेवरची चिंचेची झाडं’ हे फक्त ठिकाण झालं.

इथे उदाहरणासाठी मी मिरजेचा तंबोरा घेणार आहे: भोपळ्याचा तंबोरा होतो. सुरुवात, मध्य, शेवट तिन्ही त्यात आयतं आहे. शिवाय प्रकल्पवहीत लिहायलाही भरपूर सापडतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले ते मिरजेचे रहिवासी असताना, आणि मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात गायक-वादक आजही हजेरी लावतात. तंबोरा घडवणारा कारखाना आणि तंबोऱ्यावर गाणारे गळे एकाच गावात, हे फार थोड्या ठिकाणी दिसतं.

गाणं स्वतःचं करा

सिनेमाचं गाणं घेण्याचा मोह होतो. वर्गात दाखवण्यापुरतं ते खपून जाईल, पण यूट्यूबवर टाकलंत की आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच अडवला जाऊ शकतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं राहतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. म्हणजे अभंग साडेतीनशे वर्षांपूर्वीचा असला, तरी गेल्या दहा वर्षांत कुणी गायलेली त्याची रेकॉर्ड उचलता येत नाही. तोच अभंग तुम्ही स्वतः, स्वतःच्या चालीत गायलात तर कुणाची परवानगी लागत नाही.

पण माझं मत विचाराल तर शब्दही स्वतःच लिहा. अभंगाचा साचा हाताशी आहे: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. भोपळे भीमेकाठच्या शेतांतून मिरजेला येतात, त्यावरून असं होईल:

भीमेच्या काठाला, वेलीला भोपळा,
मिरजेत गळा, लाभे त्याला.

हे धृपद झालं. अशी आणखी चार कडवी केलीत की दोन मिनिटं भरतात. त्याहून मोठं करू नका, तीन मिनिटांचं गाणं चित्रांनी भरताना मोठ्यांचीही दमछाक होते.

आवर्तनं मोजा

ही पायरी चुकवली तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. आवर्तन म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी. भजनी ठेक्याचं किंवा केरव्याचं आवर्तन आठ मात्रांचं. लय मिनिटाला ९६ मात्रांची धरली तर एक आवर्तन बरोबर पाच सेकंदांचं होतं आणि दोन मिनिटांत २४ आवर्तनं बसतात. मिनिटाला ८० मात्रा धरल्या तर आवर्तन सहा सेकंदांचं आणि दोन मिनिटांत २०. मोबाइलवर मेट्रोनोमचं (एकसारखे ठोके देणारं) किंवा तबल्याचं फुकट अॅप उतरवून घ्या, लय एकदा ठरवा आणि तीच शेवटपर्यंत ठेवा.

मग रेकॉर्डिंग. घरातली सगळ्यात लहान, कपड्यांची कपाटं असलेली खोली निवडा. पंखा बंद, खिडकी बंद, भिंतीला दोन गोधड्या टांगा. आवाज घुमणं लगेच कमी होतं. एका मोबाइलवरचा ठेका गाणाऱ्याने इअरफोनमधून ऐकायचा आणि दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना फुंकर आत जात नाही. शेजारच्या घरात कुकर लागायच्या आत उरका. गाणं पक्कं झालं की त्याची एकच फाइल सगळ्यांकडे जाऊ द्या. पुढे त्यात एक शब्दही बदलायचा नाही.

कागदावरचा व्हिडिओ

एक मोठा कागद घ्या, २४ घरं आखा. प्रत्येक घरात पाच गोष्टी लिहायच्या: आवर्तनाचा आकडा, त्यातले शब्द, काय दिसणार, कुठे, आणि कोण. समजा पहिली दोन आवर्तनं नुसत्या तंबोऱ्याच्या आसेची (घुमत राहणाऱ्या सुराची) आहेत, शब्द नाहीत. तिथे कारखान्याच्या कोपऱ्यात रचलेले वाळके भोपळे दिसू देत. तिसऱ्यापासून धृपद. एका मुलीच्या हातात भोपळा, ती गातेय. सातव्यापासून पहिलं कडवं: करवत, दांडी, लाकडाचा भुसा, रंगाचं बोट. असं शेवटपर्यंत.

घरं भरताना दोन गोष्टी सांभाळा. शब्दात जे आहे तेच चित्रात पुन्हा दाखवू नका. ‘भोपळा’ म्हणताना भोपळाच दिसला तर बघणाऱ्याला नवं काही मिळत नाही. तिथे तो हाताळणारे हात दाखवा, भोपळा दोन आवर्तनं आधी येऊन गेलेला बरा. दुसरं, साधारण एका आवर्तनाला एक चित्र असा हिशेब ठेवा आणि चित्र समेवर बदला. धृपद परत येईल तेव्हा चार-चार मात्रांवर बदललंत तर रंगत चढते. शेवटच्या दोन आवर्तनांत मात्र एकच चित्र थांबू द्या. प्रत्येक मात्रेवर कापत सुटलात तर डोळे दुखतात आणि ठेका उलट हरवतो. या हिशेबाने साधारण ३० चित्रं लागतात. एवढी एका सकाळी आणि एका संध्याकाळी होतात.

एक घर रिकामं ठेवा. समजा सतरावं. तिथे गाणं पूर्ण थांबवायचं. त्याचं कारण जवारी, म्हणजे तंबोऱ्याची तार खुलवण्याचं काम.

कारखान्यात

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जायचं तर आदल्या दिवशी मोबाइल खिशात ठेवून, शाळेचं पत्र घेऊन जा. ‘काका, उद्या दोघं-तिघं येऊ का? काम थांबवायला लावणार नाही,’ एवढं विचारा आणि ते पाळा. कुठलं काम कधी चालतं हेही विचारून घ्या. भोपळा कापणं, दांडी जोडणं, नक्षी आणि तारा चढवणं एकाच दिवशी एकाच ठिकाणी दिसेलच असं नाही. चेहरे दाखवायला नको असतील तर हात दाखवा, व्हिडिओला हातच जास्त शोभतात.

आता जवारी. तंबोऱ्याच्या चार तारा भोपळ्यावरच्या घोडीवरून, म्हणजे तारांखालच्या पट्टीवरून, जातात. तार आणि घोडी यांच्यामध्ये कारागीर सुती धागा सरकवतो. धागा केसभर पुढे-मागे होतो, बोट तार छेडत राहतं, आवाज कोरडाच येतो, कोरडाच येतो, आणि एका जागी ती तार अचानक खुलते. एका सुरातून अनेक सूर उमलल्यासारखे ऐकू येतात. मोबाइल घोडीपासून वीतभर लांब, धागा आणि बोट दोन्ही दिसतील असा विटेवर किंवा तांदळाच्या पिशवीवर टेकवा, आणि कुणीही न बोलता अर्धा मिनिट रेकॉर्ड करत राहा. त्यातले तार खुलते तिथले पाच सेकंद सतराव्या घरात, मूळ आवाजासकट टाकायचे. गाणं थांबतं, तार बोलते, अठराव्या समेवर धृपद परत येतं. सगळ्या व्हिडिओत लोकांच्या लक्षात हेच राहील.

मोबाइल आणि उजेड

मोबाइल आडवा धरा. शूटिंग सगळं एकाच मोबाइलवर करा, नाहीतर रंग जुळत नाहीत. काच सुती कापडाने पुसा, विमान मोड लावा, जागा मोकळी करा. ज्यावर नजर हवी तिथे स्क्रीनवर बोट दाबून ठेवलं की उजेड आणि फोकस पक्के होतात, मग मध्येच चित्र गडद-फिकं होत नाही. झूम करू नका, स्वतः पुढे जा.

ट्यूबलाइटखाली चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि ३० फ्रेमचा व्हिडिओ त्याच्याशी जुळत नाही. सेटिंगमध्ये मिळत असेल तर २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. ती सोय नसेल तर दिवे बंद करून दारातल्या उजेडात काम भागवा. जुन्या घरांच्या दारातून येणारा उजेड तसाही देखणा असतो.

बाहेरची दृश्यं, समजा कृष्णेच्या घाटावरची, सकाळी घ्या. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास वर येतो, तेव्हापासून साधारण नऊपर्यंत ऊन मऊ असतं. दुपारी डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. पावसाळ्यात आणि पाणी चढलेलं असताना घाटाच्या पायऱ्यांवर शूटिंग अजिबात नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. एक मोठं माणूस सोबत असलंच पाहिजे.

गातानाची दृश्यं घेताना गाणं स्पीकरवर मोठ्याने लावा आणि गाणाऱ्याने ओठ नुसते हलवू नयेत, खरंच गावं. गळ्याच्या शिरा, श्वास, सगळं त्याशिवाय खोटं दिसतं. स्पीकरचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड होऊ द्या, जोडताना तो मूळ गाण्याशी जुळवायला लागतो. सुरुवातीला एक टाळी वाजवलीत तर जुळवणं सोपं जातं. प्रत्येक चित्र किमान दहा सेकंद घ्या, लांबून, मधून आणि जवळून असं तीनदा. झालं की कागदावरच्या घरावर खूण करायची. हे काम एकाच मुलाकडे द्या, त्याने मोबाइलला हात लावायचा नाही.

जोडणी

शाळेच्या संगणकावर ओपनशॉट किंवा केडेनलाइव्ह फुकट चालतं, मोबाइलवर काइनमास्टरसारखं अॅप. पहिल्यांदा गाणं टाका आणि दर आवर्तनाच्या समेवर खुणा करून घ्या: ०, ५, १०, १५ सेकंद. मग कागद समोर ठेवून घरं भरत जा. चित्रं फिरत, विरघळत, चमकत बदलण्याचे जे तयार नमुने असतात ते सगळे सोडून द्या, सरळ कापा. शब्द खाली लिहायचे तर ऱ्हस्व-दीर्घ मराठीच्या बाईंकडून तपासून घ्या. शेवटच्या नामावलीत कारखान्याचं नाव मालकांना विचारून घाला. मुलांचे चेहरे इंटरनेटवर जाणार असतील तर प्रत्येकाच्या पालकांची लेखी परवानगी लागेल, ती शूटिंगच्या आधीच घेऊन ठेवा.

फाइल १०८० च्या प्रतीत, एमपी४ करून काढा. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाऊन चित्र पुसट होतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ पेनड्राइव्हवर द्या. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी शाळेच्याच प्रोजेक्टरवर आणि शाळेच्याच स्पीकरवर एकदा पूर्ण चालवून बघा. तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे खालचा सूर, लहान स्पीकरवर ऐकू येत नाही, तेव्हा हॉलचा मोठा स्पीकर मागून घ्या. आणि खुणांनी भरलेला तो २४ घरांचा कागद फेकू नका, घडी घालून प्रकल्पवहीत चिकटवा. परीक्षक तो आधी बघतात.