सीआर१ की आयआर१: लग्नाच्या व्हिसावर अमेरिकेत पहिला प्रवेश केव्हा करावा

लग्नाच्या आधारावर मिळालेल्या इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत जाताना तिकिटाची तारीख केवळ दर बघून ठरवू नये. विमानतळावर प्रवेश मिळतो त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली असतील तर दहा वर्षांचं ग्रीनकार्ड (कायम रहिवासाचं कार्ड) मिळतं; हा वर्ग आयआर१. एक दिवस जरी कमी असला तरी दोन वर्षांचं, अटी घातलेलं कार्ड हाती येतं; हा वर्ग सीआर१. आय-१३० (अमेरिकेतल्या जोडीदाराने भरायचा पहिला अर्ज) केव्हा भरला, मुलाखत केव्हा झाली, व्हिसा केव्हा छापला गेला, यातल्या कशावरही हे ठरत नाही. प्रवेशाचा दिवस तेवढा मोजतात.

दोन वर्षांच्या कार्डाने नोकरी, प्रवास, राहणं काहीच अडत नाही. त्रास पुढे असतो. कार्डाची मुदत संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून, अटी काढून घेण्यासाठी, आय-७५१ हा अर्ज भरावा लागतो. एप्रिल २०२४ पासून त्याची फी ७५० डॉलर आहे. सोबत एकत्र संसाराचे पुरावे लावायचे: दोघांच्या नावाचं बँक खातं, घराचा भाडेकरार, एकत्र भरलेली टॅक्स रिटर्न्स, विमा. अर्ज पोचल्याची पावती आली की कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढते, आणि तेवढ्या काळात संपलेलं कार्ड आणि ती पावती असे दोन कागद सगळीकडे दाखवत फिरावं लागतं. अर्ज भरायचाच राहिला तर रहिवासाचा दर्जा आपोआप संपतो. मधल्या काळात घटस्फोट झाला, तर लग्न खरं होतं हे एकट्याने सिद्ध करून सवलत मागावी लागते. हे सगळं काही आठवडे थांबून टळणार असेल तर थांबणं बहुतेक वेळा फायद्याचंच ठरतं.

आधी तीन तारखा लिहून काढा

पहिली तारीख लग्नाची. इथे आपल्याकडे हमखास घोळ होतो. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन तारखा असतात: विवाहाची आणि नोंदणीची. विधिवत लग्न आधी लागलं आणि नोंदणी तीन महिन्यांनी झाली, तर मोजणी विवाहाच्या तारखेपासून होते. कागदपत्रांसाठी आधी विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न केलं आणि हॉलवरचं लग्न सहा महिन्यांनी लावलं, तर रजिस्टर लग्नाचा दिवस धरायचा. पत्रिकेवरचा मुहूर्त इथे उपयोगाचा नाही. खूण एकच: आय-१३० आणि डीएस-२६० (इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) मध्ये जी विवाहाची तारीख लिहिली, तीच दाखल्यावर असायला हवी आणि तीच धरायची.

दुसरी तारीख मेडिकलची. व्हिसाची मुदत जास्तीत जास्त सहा महिने असते, पण ती व्हिसा छापल्याच्या दिवसापासून मोजली जात नाही. मेडिकलचा निकाल जिथवर ग्राह्य, तिथवरच व्हिसा चालतो. म्हणून मेडिकल मुलाखतीच्या दोन महिने आधी उरकून टाकलं, तर हातातल्या सहा महिन्यांतले दोन तिथेच गेले. छातीच्या एक्स-रेत क्षयासंबंधी काही दिसलं तर मेडिकलची मुदत तीन महिन्यांवर येते. शिवाय थुंकीच्या कल्चरला आठ आठवडे लागतात. छातीचा जुना आजार असेल तर हा वेळ सुरुवातीलाच हिशेबात धरा.

तिसरी तारीख व्हिसाच्या पानावर छापलेली, ‘एक्स्पायर्स ऑन’ या शब्दांपुढची. पासपोर्ट परत आला की फोटो आणि नावाचं स्पेलिंग बघून झाल्यावर लगेच ही तारीख बघा. त्या दिवशी किंवा त्याआधी अमेरिकेच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहायला हवं. भारतातून विमान त्या दिवशी सुटलं, एवढं पुरत नाही.

आता एक उदाहरण मांडू. लग्न १२ डिसेंबर २०२४ चं. मेडिकल ३ सप्टेंबर २०२६ ला, मुलाखत त्याच महिन्यात मुंबईच्या वकिलातीत. व्हिसाची मुदत २ मार्च २०२७. लग्नाचा दुसरा वाढदिवस १२ डिसेंबर २०२६ ला. कायद्याची भाषा ‘२४ महिन्यांपेक्षा कमी’ अशी आहे, त्यामुळे वाढदिवसाच्या दिवशीही चालायला हवं. पण एका दिवसावरून काउंटरवर वाद कशाला? १३ किंवा १४ डिसेंबरला तिथे पोचेल असं तिकीट काढावं. मुंबईहून रात्री उशिरा निघणारी विमानं बऱ्याचदा तिथल्या त्याच तारखेला उतरतात. म्हणून निघण्याची तारीख बघू नका, उतरण्याची बघा. अबू धाबीमार्गे गेलात तर अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अबू धाबीतच होते, म्हणजे प्रवेशाची तारीख तिथेच पडते. त्या मार्गाने जाताना तारखेला दोन दिवसांची जागा ठेवलेली बरी.

दुसऱ्या टोकालाही असंच. वाढदिवस २५ फेब्रुवारीला आणि व्हिसा २ मार्चपर्यंत, असं असेल तर हाती पाच दिवस. धुक्यात रद्द झालेलं एक विमान, चुकलेलं एक कनेक्शन आणि मुदत संपली. मुदत संपलेला व्हिसा पुन्हा हवा तर वकिलातीला कारण पटवावं लागतं, ३२५ डॉलरची फी पुन्हा भरावी लागते, मेडिकल नव्याने करावं लागतं, आणि एवढं करूनही तो मिळेलच अशी हमी नाही. शेवटच्या तारखेआधी आठवडाभर तरी मोकळा राहत नसेल तर दहा वर्षांच्या कार्डाचा नाद सोडावा.

वाढदिवस व्हिसाच्या मुदतीत बसतच नसेल तर

मुलाखत झालेली नसेल तर तारीख अजून थोडीफार हलवता येते. डीएस-२६० आणि कागदपत्रं नॅशनल व्हिसा सेंटरकडे (मुलाखतीआधी कागदपत्रं गोळा करणारं सरकारी केंद्र) सावकाश द्यायची, किंवा मुलाखतीची वेळ पुढे मागायची. मात्र वर्षभर त्यांच्याशी काहीच संपर्क ठेवला नाही तर केस बंद करण्याची कारवाई सुरू होते, हे विसरू नका. पुढे मागितलेली मुलाखत आपल्याला सोयीच्या महिन्यातच मिळेल याचाही भरवसा नाही.

आमचं मत असं: दीड-दोन महिन्यांचा प्रश्न असेल तर थांबा. सहा-आठ महिन्यांचा असेल तर दोन वर्षांचं कार्ड घ्या आणि आय-७५१ ची फाइल पहिल्या दिवसापासून जमवायला लागा. नागरिकत्वाचं घड्याळही प्रवेशाच्या दिवशीच सुरू होतं. अमेरिकन नागरिक जोडीदारासोबत राहत असाल तर तीन वर्षांनी अर्ज करता येतो, तोही ९० दिवस आधी. अटींच्या कार्डावरची वर्षंही यात धरतात. म्हणजे बाहेर थांबलेला प्रत्येक महिना अमेरिकन पासपोर्ट एक महिना पुढे ढकलतो. थांबण्यात दुसरीही जोखीम असते: व्हिसा म्हणजे प्रवेशाचा हक्क नव्हे, आणि मधल्या काळात नियम बदलू शकतात.

थांबण्याच्या काळात जुन्या बी-१/बी-२ व्हिसावर ‘जरा जाऊन येऊ’ हा विचार मनात आणू नका. कायम राहायला जाणाऱ्या माणसाने पर्यटक म्हणून दारात उभं राहणं म्हणजे स्वतःहून संशय ओढवून घेणं.

काउंटरवर काय बोलायचं

मुलाखतीच्या वेळी दोन वर्षं झालेली नव्हती म्हणून व्हिसावर सीआर१ छापलेलं असणार. ते बदलून घ्यायला वकिलातीत परत जावं लागत नाही. प्रवेशाच्या वेळी सीबीपीचा (विमानतळावर तपासणी करणारं अमेरिकेचं सीमा खातं) अधिकारी वर्ग बदलून आयआर१ लिहितो. पण तो लग्नाची तारीख आपणहून तपासेल असं समजू नका. समोर व्हिसाचं पान असतं, त्यावर सीआर१ असतं, मागे रांग असते. तो तेच उतरवतो.

विवाहाच्या दाखल्याची प्रत पासपोर्टसोबत हातात ठेवा, चेक-इन बॅगेत नको. इमिग्रंट व्हिसावाल्यांना बहुतेक वेळा बाजूच्या खोलीत बसवतात, बोटांचे ठसे आणि सही घेतात. शिक्का मारण्याआधी सरळ सांगा: ‘वुई हॅव बीन मॅरिड फॉर मोअर दॅन टू इयर्स. प्लीज ॲडमिट मी ॲज आयआर-वन.’ आणि दाखला पुढे करा.

पासपोर्ट परत मिळाला की तिथेच, खुर्चीवर बसूनच शिक्का वाचा. त्यात प्रवेशाची तारीख असते आणि शेजारी बऱ्याचदा पेनने वर्ग लिहिलेला असतो. ‘सी’ची ‘आय’ झाली आहे का, एवढं बघायचं. झाली नसेल तर खोलीतून बाहेर पडण्याआधीच परत सांगा. पाच मिनिटांचं काम असतं. घरी गेल्यावर लक्षात आलं तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन ऑफिसात (प्रवेशाच्या नोंदीतल्या चुका दुरुस्त करतात तिथे) जावं लागतं. आणि कार्डच दोन वर्षांचं आलं तर सरकारी चूक म्हणून आय-९० (कार्ड बदलून घेण्याचा अर्ज) भरून दुरुस्त करून घ्यावं लागतं. चूक त्यांची असेल तर फी पडत नाही, पण महिने जातात.

हा सगळा प्रकार संपायला एखादा तासही लागतो, तीनही लागतात. पुढचं देशांतर्गत विमान असेल तर मध्ये चार तास ठेवा. वकिलातीने बंद पाकीट दिलं असेल तर ते फोडू नका. व्हिसावर कागदपत्रं ऑनलाइन असल्याची नोंद असेल तर पाकीट नसतं, त्यामुळे ते मिळालं नाही म्हणून घाबरू नका. एक्स-रेची सीडी मिळाली असेल तर ती हातातल्या बॅगेत घ्या.

डिसेंबर की जानेवारी: टॅक्सचा हिशेब

वरच्या उदाहरणातला प्रवेश डिसेंबरच्या मध्यावर येतो. मग प्रश्न पडतो की आणखी तीन आठवडे थांबून नव्या वर्षात जावं का. ग्रीनकार्डधारक म्हणून अमेरिकेत पहिलं पाऊल पडतं त्या दिवसापासून माणूस तिथला टॅक्स रहिवासी होतो आणि जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं. एकत्र रिटर्न भरण्यासाठी मात्र डिसेंबरात पोचणं गरजेचं नाही. जोडीदार आधीच तिथला नागरिक किंवा रहिवासी असेल तर जानेवारीत आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोलाही मागच्या वर्षासाठी रहिवासी धरण्याचा पर्याय निवडता येतो. त्याच्या बदल्यात त्या पूर्ण वर्षाचं भारतातलं उत्पन्नही रिटर्नमध्ये येतं.

हे कुणाला टोचतं? ज्यांना जाण्याआधी फ्लॅट, जमीन किंवा म्युच्युअल फंड विकायचे आहेत त्यांना. प्रवेशाआधी विक्री झाली आणि त्या वर्षासाठी एकत्र रिटर्नचा तो पर्याय निवडला नाही, तर तो नफा अमेरिकेच्या करात येत नाही. प्रवेशानंतर विकलं तर नफा मूळ खरेदी किमतीपासून मोजतात, अमेरिकेत आल्या दिवसाच्या भावापासून नाही. भारतीय म्युच्युअल फंडांसाठी तर ८६२१ नावाचा वेगळा आणि किचकट फॉर्म आहे. म्हणून फंड मोडायचे असतील तर तिकिटाआधी मोडा. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरावा लागतो. त्यात आईसोबतचं जॉइंट खातंही धरतात.

सोबत मूल असेल तर

अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराच्या व्हिसात मुलाचा आपोआप समावेश होत नाही. सावत्र मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो, आणि लग्न मूल १८ वर्षांचं होण्याआधी झालेलं असावं लागतं. दोन वर्षांचा नियम त्या मुलालाही लागू आहे, म्हणून त्याला आईसोबतच किंवा नंतर न्या. प्रायोजक (अर्ज करणारा जोडीदार) नागरिक नसून ग्रीनकार्डधारक असेल तर मूल त्याच अर्जात बसतं. पण मधल्या काळात प्रायोजक नागरिक झाला तर मुलाचा हा आधार जातो आणि त्याच्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. प्रायोजकाची नागरिकत्वाची शपथ जवळ आली असेल तर तिकीट काढण्याआधी वकिलातीला कळवा.

उतरल्यानंतर

यूएससीआयएसची (ग्रीनकार्ड देणारं अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) इमिग्रंट फी २३५ डॉलर आहे. व्हिसा मिळाल्यावर आणि निघण्याआधी ती ऑनलाइन भरून टाका, कारण ती भरल्याशिवाय कार्ड छापत नाहीत. कार्ड यायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तोवर शिक्का मारलेलं व्हिसाचं पान हेच वर्षभर ग्रीनकार्डाचं काम करतं. नोकरीला चालतं, भारतात येऊन परत जायलाही चालतं.

नोकरीचा नोटिस पीरियड किंवा परीक्षा उरली असेल तर प्रवेश करून परत येता येतं, पण सहा महिन्यांच्या आत परतणं बरं. वर्षाच्या वर बाहेर राहायचं असेल तर री-एंट्री परमिटचा (परत प्रवेशाच्या परवान्याचा) अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, भारतातून तो करता येत नाही.

जोडीदाराच्या ऑफिसच्या आरोग्य विम्यात नाव घालायला बऱ्याच ठिकाणी ३० दिवसांचीच मुदत असते. कुठला दिवस धरतात ते एचआरला निघण्याआधीच विचारून घ्या. आणि अपार्टमेंटच्या पोस्टपेटीवर नवऱ्याचं एकट्याचं नाव असेल तर बायकोचं नाव तिथे आधीच चिकटवून ठेवा. पेटीवर नाव नाही म्हणून पोस्टमन कार्ड परत नेतो, आणि मग ते शोधण्यात पुढचे दोन-तीन महिने जातात.