मुशीचा जबडा वाळवताय? या चुका टाळा

नागपुरात मुशी, म्हणजे छोटा शार्क, येते ती बर्फात, तीही रोज नाही. त्यामुळे प्रॅक्टिकलसाठी किंवा विज्ञान प्रदर्शनासाठी आणलेला जबडा बिघडला की दुसरा लवकर हाती लागत नाही.

हमखास बिघडतो तो उकळल्यामुळे. बकऱ्याच्या मुंडीला चालतं ते इथे चालत नाही. मुशीच्या जबड्यात हाड नसतं, कास्थी असते, म्हणजे आपल्या कानात असते तशी लवचिक कूर्चा. दातही खोबणीत बसलेले नसतात, हिरडीच्या चिवट पडद्यात रुतलेले असतात. उकळलं की त्या पडद्यातल्या कोलॅजनचं, म्हणजे चिवट धाग्यांच्या प्रथिनाचं, जिलेटिन होतं आणि दात भांड्याच्या तळाशी जातात. गरम पाण्यात जेमतेम बुडवून काढा आणि बोथट सुरीने मांस खरवडा. आतल्या बाजूची हिरडी मात्र सोडा, बदली दातांच्या रांगा तिथेच असतात.

खरवडलेली जागा भिंगाखाली बघाच. मोझेक फरशीसारखे बारीक तुकडे दिसतात, एकेक तुकडा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान. यांना टेसेरा म्हणतात. कास्थीच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट, म्हणजे आपल्या हाडातलंच खनिज, साचून ते बनतात आणि कोलॅजनच्या धाग्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. आतला गाभा मऊ, पाण्याने भरलेला. चावताना जोर सोसतं ते हे कवच. तुकड्यांच्या कडांवर नवं खनिज चढत जातं, म्हणून मासा वाढतो तसं कवचही वाढतं. पांढऱ्या शार्कसारख्या मोठ्या जातींच्या जबड्यात तर असे एकावर एक थर असतात.

आता पुढचं सोपं आहे. पांढरा करायला ब्लीच वापरलं तर बांधणारे धागेच जातात आणि फरशी सुटते. व्हिनेगर त्याहून वाईट, ते खनिजच विरघळवतं. तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडा वेळ पुरे. पिवळटपणा राहिला तर राहू द्या, पांढराशुभ्र जबडा मला तरी नकलीच वाटतो.

मे महिन्यात स्लॅबवर वाळत टाकू नका. पाणी गेलं की गाभा आकसतो, कवच तेवढं आकसत नाही, आणि जबडा वेडावाकडा होतो. थर्माकोलवर उघडा ताणून टाचण्या लावा आणि सावलीत ठेवा. कूलरसमोरही नको, ती हवा दमट असते.

वाकडा झालाच असेल तर रात्रभर पाण्यात भिजवा. कास्थी पुन्हा मऊ झाली की नव्याने ताणून टाचता येतो. पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा सिलिका जेलची पुडी टाकून डबा घट्ट लावा.