क्रोशाच्या फुलांचा बीच कव्हर-अप : या चुका टाळा

बडोद्याच्या मराठी घरांत क्रोशाची सुई नवी नाही. दारावरची तोरणं, टीपॉयवरचे रुमाल, देवघरातली आसनं यांवर कित्येक हात तयार झाले आहेत. दीव, दमण किंवा वलसाडजवळच्या तिथल बीचची सहल ठरली की त्याच हातांना फुलांचा कव्हर-अप, म्हणजे पोहण्याच्या कपड्यांवर घालायचा जाळीदार झगा, करावासा वाटतो. बिघडतं ते इथेच, कारण हात तोरणाचा असतो आणि वस्तू अंगावर घालायची असते. तोरण कोरडं राहतं आणि कडक असलं तरच शोभतं. कव्हर-अप मात्र भिजतो, ओढला जातो आणि त्याचं सगळं वजन दोन खांद्यांवर येतं. पुढच्या बहुतेक चुका हा फरक लक्षात न घेतल्यानेच होतात.

पुढचे आकडे समजावेत म्हणून आधी नमुना सांगते. ४ प्लायचा मर्सराइज्ड सुती दोरा, ३ मिमीची सुई. पहिल्या फेरीत रिंगमध्ये १६ खांब (सुईला एक वेढा घेऊन घातलेले उभे टाके), म्हणजे ३ साखळ्या आणि १५ खांब. दुसऱ्या फेरीत दर दोन खांबांवर २-२ असे चार अर्धवट खांब घेऊन एकत्र बंद करायचे. ही झाली एक पाकळी. अशा ८ पाकळ्या, प्रत्येक दोन पाकळ्यांमध्ये ३ साखळ्या. तिसऱ्या फेरीत एका फटीत कोपरा (३ खांब, ३ साखळ्या, ३ खांब), पुढच्या फटीत नुसते ३ खांब, आणि गटांच्या मध्ये १ साखळी. एकूण ३६ खांब होतात. चौथी फेरी तशीच, ४८ खांबांची. पाचवी फेरी साखळ्या आणि मुक्या खांबांची (वेढ्याशिवायचे आखूड टाके), तिच्यातच फूल शेजारच्याला जोडत जायचं. जोडल्यावर चौकोन साधारण १० सेंमीचा भरतो.

छाती ९६ सेंमी असेल तर घेरात १२ फुलं, उंचीत ८ ओळी, पुढच्या गळ्यासाठी वरच्या ओळीतली मधली २ वगळायची. एकूण ९४ फुलं. वरच्या दोन ओळींच्या बाजू उघड्या ठेवल्या की बाह्या तयार. एका फुलाला साधारण ५ ग्रॅम दोरा लागतो, त्यामुळे जोडणी आणि किनारीसह ५५० ते ६०० ग्रॅम धरा. सगळे गुंडे एकाच वेळी, एकाच लॉटचे घ्या. मंगळबाजारात पुढच्या महिन्यात तोच रंग मिळेल, पण तीच छटा मिळेलच असं नाही.

कोरडं फूल मांडीवर ठेवून मोजणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि कामही हीच सगळ्यात जास्त वाया घालवते. एक फूल झालं, पट्टी लावली, दहा भरलं, लगेच गुणाकार केला आणि सुरुवात.

दांडिया बाजारातल्या एका कॉलेजच्या मुलीचा कव्हर-अप असाच झाला. पांढरा, ९४ फुलांचा, दिसायला फार देखणा. ८ ओळी, ८० सेंमी उंची, गुडघ्याच्या बराच वर. दीवला नागोआ बीचवर तो एकदा भिजला, मग खोलीच्या गॅलरीत दोरीवर खांद्यांत चिमटे लावून वाळवला. घरी आल्यावर मोजला तर उंची ९३ सेंमी, घेर आवळलेला आणि गळा छातीवर उतरलेला. दोष दोऱ्यात नव्हता. सुती दोरा भरपूर पाणी धरतो, ओल्या कव्हर-अपचं वजन सहज दुप्पट होतं. जाळीदार वीण त्या वजनाने लांबते आणि लांबली की रुंदी आत घेते. शिवाय खांद्याची जोडणीही बाकी अंगासारखी साखळ्यांचीच होती. नुसती साखळी भाराखाली सहज ताणली जाते.

दुरुस्ती झाली, पण मेहनत वाया गेली. खालची पूर्ण ओळ, म्हणजे १२ फुलं उसवावी लागली. तेव्हा उंची ८१ वर आली. खांदे उसवून दोन्ही बाजूंचे टाके एकत्र धरत मुक्या खांबांनी पुन्हा जोडले, आतून १ सेंमी रुंदीची सुती नाडी टाचली. गळ्याला मुक्या खांबांची एक घट्ट ओळ दिली.

हे टाळायला एक संध्याकाळ पुरते. चार फुलं विणून २×२ जोडा आणि हलक्या साबणाने धुवा. टॉवेलात गुंडाळून दाबा, पिळू नका. मग वरच्या काठाला चिमटे लावून टांगा आणि खालच्या काठाला १४० ग्रॅम तांदळाची पुरचुंडी बांधा. वजन एवढंच का? ५५० ग्रॅमचा कपडा पुढे-मागे मिळून खांद्याच्या आठ फुलांवर लटकतो, म्हणजे दोन फुलांमागे सुमारे १४० ग्रॅम. वरच्या ओळीवर हा भार पूर्ण असतो, खाली येत येत शून्य होतो, म्हणून सरासरी निम्मी. भिजल्यावर ती पुन्हा दुप्पट, म्हणजे १४० ग्रॅमच. रात्रभर टांगलेलं ठेवा आणि वाळल्यावर मोजा. २० सेंमीचे २१.५ झाले असतील तर ८० सेंमीचा कपडा ८६ होणार. तेव्हा ७ ओळीच विणा आणि उरलेली उंची खालच्या किनारीत काढा. किनार कमी-जास्त करणं सोपं असतं, फुलांची ओळ काढणं नाही.

असा चार फुलांचा तुकडा आधी करण्यात वेळ जातो अशी तक्रार नवशिक्यांकडून नेहमी ऐकू येते. ही चार फुलं कुठे जात नाहीत, तीच पुढे कपड्यात लागतात. मग वेळ कसला गेला?

मॅजिक रिंगचं टोक बोटभर ठेवून कापणं

मर्सराइज्ड दोऱ्याची चमक सगळ्यांना आवडते. सूत ताणून धरून कॉस्टिक सोड्यात बुडवलं की त्याचे तंतू फुगतात, गोल आणि गुळगुळीत होतात, म्हणून ते चमकतं. त्याच गुळगुळीतपणामुळे दोऱ्याचं टोक मात्र सरकतं. मॅजिक रिंग म्हणजे दोऱ्याचा सरकता फास. ती ओढून बंद केली आणि टोक दोन सेंमीवर कापलं, तर ती विणताना घट्ट वाटते. दोन धुण्यांत टोक सुटतं, मधलं भोक रुंदावत जातं आणि पाकळ्या मुळापासून सैल होतात. कव्हर-अपमध्ये अशी ९४ भोकं आहेत, त्यातली दहा उघडली तरी कपडा जुना दिसतो.

व्हिडिओ बघून टोकाला गाठ मारणं, गोंदाचा थेंब लावणं, अॅक्रिलिक असेल तर लायटरने जाळणं, या तिन्ही पळवाटा सोडा. गाठ सरकून दर्शनी बाजूला येते, गोंद वाळला की कडक होऊन काखेत टोचतो आणि जळलेल्या टोकाचा टणक मणी कातडीला घासतो.

टोक १२ ते १५ सेंमी ठेवा. पहिली फेरी विणताना ते रिंगच्या दोऱ्याबरोबर खांबांच्या आत धरा. फेरी झाली की ओढून रिंग बंद करा, मग बोथट सुईत ओवून खांबांच्या पायथ्यातून त्याच दिशेने अर्धी फेरी न्या. एक धागा सोडून उलट फिरा आणि तेवढंच परत या. उलट फिरल्याशिवाय टोक पकडत नाही. जास्त खात्री हवी असेल तर मॅजिक रिंग सोडाच. ४ साखळ्यांची रिंग करा, मध्ये छोटं भोक राहील पण ते वाढणार नाही. समुद्रात घालायच्या वस्तूला हीच रिंग जास्त योग्य आहे.

टोकं रोजच्या रोज लपवा. एकरंगी कव्हर-अपमध्ये १८८ टोकं होतात, प्रत्येक फुलात तीन रंग असतील तर ५६४. "शेवटी एकदम करू" म्हणून ठेवलेले कव्हर-अप बडोद्यातल्या कपाटांत कितीतरी पडून आहेत. दहा फुलं झाली की थांबायचं, वीस टोकं संपवायची, मगच अकरावं फूल घ्यायचं.

फूल वाटीसारखं होणं किंवा त्याला झालर पडणं

वाटी झाली म्हणजे घेराला टाके कमी पडले, झालर पडली म्हणजे जास्त झाले. या नमुन्यात वाटी बहुतेक दुसऱ्या फेरीत होते, कारण पाकळ्यांमधल्या साखळ्या घट्ट येतात. ३ च्या जागी ४ घाला. सुई बदलायची घाई नको, नाहीतर पाकळ्याही ढिल्या होतील.

झालर बहुतेक वेळा मोजणीतून येते. सुरुवातीच्या ३ साखळ्या म्हणजे पहिला खांब. त्या मोजल्या नाहीत तर १६ चे १७ होतात. फेरी बंद करताना स्लिप स्टिच (नुसता ओढून घेतलेला जोडटाका) तिसऱ्या साखळीच्या डोक्यात घ्यायचा. तो शेजारच्या खांबात घेतला तर एक टाका हरवतो आणि फुलात तिरकी फट दिसते. प्रत्येक फेरीअखेर मोजा : १६, ८ पाकळ्या, ३६, ४८. फेरी चुकली असेल तर तेवढीच उसवा. "जोडताना ओढून घेऊ" म्हटलेलं फूल जोडल्यावरही तसंच फुगून राहतं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पाकळ्या निम्म्याच उंचीच्या आल्या तर पॅटर्नची पद्धत तपासा. ब्रिटिश पॅटर्नमधला डबल क्रोशे हा आपला मुका खांब, अमेरिकन पॅटर्नमधला आपला खांब. पॅटर्नमध्ये कुठेही सिंगल क्रोशे दिसला तर तो अमेरिकन, आजच्या ब्रिटिश पद्धतीत तो शब्द वापरत नाहीत.

तोरणासाठी घेतलेला २० नंबरचा दोरा आणि बारीक सुई इथे नको. फूल सुबक होतं, पण कपडा अंगावर पडत नाही, ताठ उभा राहतो. खळही देऊ नका.

सगळी फुलं करून मग जोडायला बसू नका. हात दिवसागणिक सैल होतो, पहिलं आणि नव्वदावं फूल अर्ध्या सेंमीने वेगळं निघतं, आणि १२ फुलांच्या घेरात अर्धा सेंमी म्हणजे ६ सेंमी. एक ओळ पूर्ण झाली की जोडा.

चार कोपरे मिळतात तिथे भोक पडत असेल तर चौथ्या फुलाची सुई साखळीच्या फटीत घालू नका. समोरची फुलं ज्या टाक्याने जोडली आहेत, त्या टाक्यातूनच न्या.

पांढऱ्यावर लाल किंवा मरून फूल हवं असेल तर आधी रंग तपासा. दोऱ्याचा तुकडा भिजवून पांढऱ्या सुती फडक्यात दाबून रात्रभर ठेवा. रंग उतरला तर गुंड्याची लच्छी करून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, तरी उतरत राहिला तर तो दोरा दुसऱ्या कामाला ठेवा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होत नाही. रंगवताना मीठ रंगाला सुताकडे ढकलतं, पक्का करायचं काम सोड्याचं असतं आणि ते रंगवतानाच व्हावं लागतं.

अॅक्रिलिक स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. ते घाम शोषत नाही, बडोद्याच्या मे महिन्यात आणि समुद्राच्या दमट हवेत अंगाला चिकटतं, आणि गरम इस्त्री लागली तर चपटं होऊन जातं.

समुद्रावरून आल्यावर वाळू ओली असताना चोळू नका. तिथल बीचची वाळू काळी आणि बारीक असते, चोळली की पाकळ्यांच्या झुबक्यात जाऊन बसते आणि पांढरा दोरा मळकट दिसतो. कपडा आधी सावलीत वाळू द्या, उलटा करून झटका, मग गोड्या पाण्यातून दोनदा काढा. त्याच दिवशी काढा, कारण मीठ सुतात वाळलं की वीण कडक आणि खरखरीत होते. वाळवताना दोरीवर नको, टॉवेलवर किंवा खाटेवर आडवा पसरा, माप हाताने नीट करा आणि पंख्याखाली राहू द्या. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी उलटवा. कपाटात हँगरला लावू नका, घडी घालून ठेवा.