कुकरची शिट्टीच होत नाहीये? आधी रिंग बघा

झाकणाच्या कडेने फुसफुस वाफ जातेय, पाणी ओघळून शेगडीवर सांडतंय आणि शिट्टीचा पत्ता नाही, असं झालं की बहुतेक वेळा दोष रबरी रिंगचाच असतो. गॅस बंद करा, वाफ पूर्ण जाऊ द्या, मगच झाकण उघडा, घाई अजिबात नको. रिंग बोटांनी थोडी ताणून बघा, कडक झाली असेल किंवा बारीक चिरा दिसल्या तर सरळ नवीन आणा, आणि दुकानात जुनी रिंग सोबत न्या कारण कंपनी आणि मापाप्रमाणे ती बदलते. नुसती सैल असेल तर 10-15 मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून बसवा, त्या वेळचा भात निघतो.

रिंग चांगली आहे? मग शिट्टी काढून झाकणाची नळी उजेडाकडे धरा, आरपार दिसलं पाहिजे. आमच्याकडे एकदा त्यात तुरीच्या डाळीचा कण वाळून बसलेला, सुईने निघाला. डाळ लावताना कुकर अर्ध्याच्या वर भरूच नका, फेस वर येऊन तीच नळी बंद होते, चमचाभर तेल घातलं की फेस कमी येतो.

सेफ्टी वॉल्व उडाला असेल तर मात्र जुगाड नको, त्याच कंपनीचा ओरिजिनल बसवा, हात जोडून सांगते.